'फ्लाइट केस'बाबतच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी नीट वाचला, आणि उत्तर देण्यापूर्वी आठ दिवस घेतले, कारण काही गोष्टी हाताने तपासून पाहायच्या होत्या. इतरांना संदर्भ लागावा म्हणून आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. गेल्या दिवाळीत आपण अमेरिकेहून गावी आला असताना आमच्याकडून आतून १३० सेंटीमीटर लांबीची एक 'फ्लाइट केस' बनवून घेतली आणि सोबत चेनची एक मोठी प्रवासी बॅगही नेली. जुलैमध्ये शिकारीसाठी दक्षिण आफ्रिकेला निघताना अमेरिकेतील विमानतळावर ही केस रायफलसाठी नाकारली गेली. मित्राने धावतपळत स्वतःची केस आणून दिली म्हणून आपले विमान मिळाले. शिवाय केसमध्ये सहा महिने ठेवलेल्या रायफलच्या नळीवर गंजाचे ठिपके पडले, आणि बॅगेचे कुलूप जसेच्या तसे असताना आतली दुर्बीण गेली. 'फ्लाइट केस या नावाखाली फसवणूक' हे आपले शब्द आहेत.

फसवणुकीचा हेतू नव्हता, हे मी मनापासून सांगतो. परंतु चूक झाली आहे, आणि तिची सुरुवात त्या नावापासूनच होते. आमचे वडसा हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे आहे. दिवाळीनंतर धानाची कामे उरकत आली की येथील नाटक कंपन्या गावोगावी रात्रभराचे प्रयोग करीत हिंडतात, आणि त्यांचे मिक्सर, ऑर्गन, माइक, दिवे रोज नव्या गावच्या रस्त्याने आदळत जातात. हे सामान ज्या प्लायवुडच्या, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि लोखंडी कोपरे मारलेल्या पेटीतून जाते, तिला साउंडवाले 'फ्लाइट केस' म्हणतात. माझे वडील पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवीत. मी या केसेस बनवतो. त्या धक्का सोसण्यासाठी असतात. त्यांत बंदूक ठेवून विमान कंपनीच्या हवाली करावी, असा विचार त्या बनवताना मी कधीही केलेला नव्हता. आपण लांबी, रुंदी आणि उंची दिली, मी मापाप्रमाणे पेटी दिली, आणि आत काय ठेवणार हे विचारलेच नाही. पेटी बनवणाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारायला हवा, आणि तो मी विचारला नाही.

आता नाकारण्याच्या कारणाकडे येतो. अमेरिकेत विमानाने बंदूक न्यायची असेल, तर ती रिकामी करून, टणक पेटीत कुलूपबंद करून, काउंटरवर प्रत्येक वेळी स्वतः जाहीर करून, चेक-इन सामानातच द्यावी लागते, आणि किल्ली किंवा नंबर प्रवाशाकडेच राहतो. पेटीला कुलूप असणे एवढ्यावर भागत नाही. कुलूप लावलेल्या स्थितीत कोणालाही आतल्या शस्त्रापर्यंत पोहोचता येता कामा नये. आपला अभिप्राय वाचल्यावर मी दुकानात अगदी आपल्यासारखीच, ९ मिलिमीटर प्लायवुडची केस घेतली, दोन्ही टोकांच्या फिरत्या कड्यांना कुलपे लावली आणि झाकण मधोमध धरून वर ओढले. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. मिक्सरच्या आखूड केसमध्ये हे कधी जाणवत नाही, कारण दोन कड्यांमधले अंतरच कमी असते. १३० सेंटीमीटर लांबीवर मात्र तेच झाकण मध्ये धनुष्यासारखे वाकते. ज्या अधिकाऱ्याने ही केस नाकारली त्याने योग्यच केले, आणि तो दोष संपूर्णपणे माझ्या कामाचा आहे.

आपण पुढे असे लिहिले आहे की मी जाड कुलपे दिली असती तर हा प्रसंग टळला असता. येथे मला नम्रपणे वेगळे मत नोंदवावेसे वाटते, कारण हा गैरसमज अनेकांना महागात पडू शकतो. कुलूप कितीही भारी असले तरी ते शेवटी कोयंड्यात अडकते, कोयंडा रिबिटांवर टिकतो आणि रिबीट पत्र्यात किंवा प्लायवुडमध्ये बसते. यांपैकी जे सर्वांत कच्चे, तेवढीच त्या पेटीची ताकद. बिजागरीची सळई बाहेरून दिसत असेल आणि तिची टोके वेल्डिंगने बंद केलेली नसतील, तर हातोडी आणि खिळ्याने ती दोन मिनिटांत बाहेर येते आणि कुलपांना हात न लावता झाकण मागच्या बाजूने उघडते. म्हणून रायफलच्या पेटीला काठाने सलग अँगल पट्टी, निदान तीन ठिकाणी आरपार कोयंडे, आतल्या बाजूने वॉशर लावून ठोकलेली रिबिटे आणि टोके बंद केलेली बिजागरी हवी. वजनाचे भानही ठेवावे लागते, कारण अनेक विमान कंपन्यांत साध्या वर्गाच्या तिकिटावर एका नगाची मर्यादा २३ किलो असते, आणि साडेचार-पाच किलोची रायफल ठेवण्यापूर्वीच पेटी अठरा किलोंची झाली तर उपयोग नाही. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटर ही सामानाची नेहमीची मर्यादा तर अशी पेटी हमखास ओलांडते. त्यामुळे तिकीट काढतानाच कंपनीला कळवून लेखी उत्तर घेणे बरे.

गंजाबाबत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मी घातलेला स्पंज मऊ आणि उघड्या छिद्रांचा होता; तो मिक्सरला उत्तम, पण हवेतली ओल पितो आणि धरून ठेवतो. लोखंडाची नळी त्यावर सहा महिने टेकून राहिली, तर ठिपके पडणारच. त्या जागी बंद छिद्रांचा घट्ट फोम हवा होता. मात्र तो घातला तरी रायफल कायमची अशा पेटीत ठेवू नये. प्रवासापुरती ठेवावी, मुक्कामी पोहोचल्यावर बाहेर काढून पुसावी आणि तेलाचा हात फिरवावा. फोममधील खाच फार घट्ट कापू नये हेही मी आता शिकलो आहे. दक्षिण आफ्रिकेत उतरल्यावर तेथील पोलीस शस्त्र आत आणण्याच्या तात्पुरत्या परवान्याच्या 'एसएपीएस ५२०' या अर्जावरील क्रमांक शस्त्रावरील क्रमांकाशी पडताळून पाहतात, आणि त्या वेळी रायफल हिसकून काढावी लागू नये. काडतुसांसाठी एका प्रवाशाला ५ किलोंची मर्यादा असते, दोघांची मर्यादा एकत्र करून एका डब्यात भरता येत नाही, आणि अनेक विमान कंपन्या काडतुसांचा डबा वेगळा व कुलूपबंद मागतात.

दुर्बिणीबद्दल मात्र मी भरपाई देऊ शकत नाही. कुलूप शाबूत आणि वस्तू गायब, हे आपणांस अशक्य वाटले, तसे ते कोणालाही वाटेल. पण चेनच्या बॅगेचे दात बॉलपेनच्या टोकाने मध्येच फाकवता येतात, आणि काम झाल्यावर कुलपासकट दोन्ही रनर एकदा पुढे-मागे फिरवले की चेन पुन्हा बंद दिसते. ही उणीव जगातल्या जवळपास सर्व चेनच्या बॅगांत आहे. माझी चूक अशी की दुकानातून बॅग देताना 'कुलूप लावले की काळजी नाही' असे आपणांस सांगितले गेले. ते वाक्य चुकीचे होते. दुर्बीण केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवता येते. रायफलवरचा स्कोप, म्हणजे नेम धरण्याची दुर्बीण, काढता येत असेल तर अमेरिकेत तोही हातातल्या सामानात चालतो, रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारून ती मागून बंद करणारा भाग, मात्र चालत नाही. तो पेटीतच बंद करावा लागतो.

मी पुढील व्यवस्था करू इच्छितो. केसचे पूर्ण १४,५०० रुपये आणि बॅगेची पूर्ण किंमत मी परत देत आहे. आपण घरच्या ज्या व्यक्तीचे नाव कळवाल त्यांच्या खात्यावर रक्कम तीन दिवसांत जमा होईल. केस परत पाठवण्याची गरज नाही. तिच्यात रायफल ठेवू नये, एवढीच विनंती. नळीचा गंज घासून काढण्यासाठी तिकडच्या बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याचे बिल आपण पाठवावे, त्याचाही निम्मा भाग मी देईन. नवी पेटी बनवून देण्याचा शब्द मात्र मी आज देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद झाली, त्यामुळे रायफल घेऊन प्रवास करणारे गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचितच येते आणि या कामाचा माझा हात अजून बसलेला नाही. नागपूरचे एक नेमबाज स्पर्धेसाठी विमानाने रायफल नेतात. त्यांनी आपली पेटी मला दोन दिवस उघडून पाहायला दिली, आणि वर लिहिलेल्या बांधणीतील बऱ्याच गोष्टी मी तिच्यावरून समजून घेतल्या. एक नमुना तयार करीत आहे. त्याच्या झाकणाखाली माझी बोटे शिरतात की नाही, हे पाहिल्यावरच मी तो कोणाला विकेन.

दुकानातील पाटीवर 'फ्लाइट केस' या शब्दांखाली 'वाद्ये व साउंडच्या सामानासाठी' अशी ओळ कालच रंगवून घेतली आहे, आणि ऑर्डरच्या वहीत मापांच्या आधी 'आत काय ठेवणार' असा रकाना आखला आहे. आपल्या दिवाळीच्या ऑर्डरच्या पानावरही तो मी हाताने आखून त्यात 'रायफल' असे लिहून ठेवले आहे.

आपला,
दुकानाचा मालक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली