गूगलला येडं बनवायची एकदम सोपी पद्धत

सगळ्यात पहिले तर वेबसाइट गिऱ्हाइकासाठी असते हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. गिऱ्हाईक काय, दुकानात येते, भाव करते, घेते नाहीतर जाते. वेबसाइट असते साइटी वाचत फिरणाऱ्या गूगलच्या रोबोटसाठी, आणि हा रोबोट म्हणजे पहिल्या दिवाळीला सासरी आलेला जावई, ताटात जे वाढाल ते मुकाट्याने खाते, एकच भाजी चाळीस वेळा वाढली तरी नको म्हणत नाही. हे एकदा पक्कं झालं की बाकीचं आपोआप जमते.

माझ्या आतेभावाचं नागपूरच्या इतवारीत भांड्याचं दुकान आहे, आजोबांपासूनचं, आणि पुढे जे काही सांगून राहिलो ते सगळं त्याच्या पैशाने शिकलेलं आहे, तर तुम्हाला फुकट मिळून राहिलं म्हणून हलक्यात घेऊ नका.

साइट गूगलच्या यादीत वर आणून देतो म्हणणारा तज्ज्ञ, म्हणजे एसईओवाला, निवडताना एकच बघायचं, ग्यारंटी देते का. आतेभावाला जो पोट्टा सापडला तो धरमपेठेत तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सापडला, आणि दुसरी प्लेट संपायच्या आत म्हणे भाऊ, तीन महिन्यात एक नंबर, लिहून देतो. आता एक नंबरची ग्यारंटी कोणीच देऊ शकत नाही असं गूगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे, पण गूगलवाल्यांना काय कळते, ते थोडीच तर्री खाऊन बोलून राहिले. पोह्याचे पैसे आतेभावाने दिले. तो ॲडव्हान्स समजायचा.

एक नंबर पण कशासाठी, हे मात्र चुकूनही विचारायचं नाही. आतेभावाच्या साइटसाठी 'प्रीमियम कुकवेअर सोल्यूशन्स इतवारी होलसेल नागपूर बेस्ट' ही ओळ ठरली, ही ओळ जगात कोणीच टाइप करत नाही म्हणून कॉम्पिटिशन पण नाही, बघा किती पुढचा विचार. नाहीतर आपल्याकडच्या बाया दुकानात येऊन काय मागतात? गंज मागतात. कोपर मागतात. पुण्याकडच्या माणसाला गंज म्हटलं की लोखंडावर चढणारा गंज आठवते आणि कोपर म्हटलं की हाताचं कोपर, ते लोक त्याला पातेलं न परात म्हणतात, पण इतवारीत येऊन पातेलं मागणारं गिऱ्हाईक मी तरी कधी पाहिलं नाही. पोट्टा म्हणे हे शब्द डाउनमार्केट वाटतात, साइटवर नको. बरोबरच आहे. गिऱ्हाईक ज्या शब्दाने शोधते तोच शब्द साइटवर कुठे सापडू नये, या शास्त्राचा पायाच तो.

मग मेटा कीवर्ड. साइटच्या कोडमध्ये एक जागा असते तिथे शब्दांची यादी टाकायची. गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं की रँकिंगसाठी आम्ही ही यादी बघतच नाही. बघत नाही तर नाही, आपण दोनशे शब्द टाकायचे, त्यात शेजारच्या दोन दुकानांची नावं पण. आता ही यादी जगात एकच माणूस उघडून वाचते, तो म्हणजे तुमचा शेजारी दुकानदार, त्याला तुमचा सगळा प्लॅन घरबसल्या कळते. शेजारधर्म.

याच्यापेक्षा भारी म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. पानाच्या खाली पांढऱ्या बॅकग्राउंडवर पांढऱ्या अक्षरात 'भांडे भांडे स्टील भांडे स्वस्त भांडे' लिहायचं, माणसाला दिसत नाही, रोबोटला दिसते. या टाइपच्या चलाखीपायी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मनीची साइट काही दिवस सर्चच्या यादीतून काढून टाकली होती, त्यांनी रोबोटला एक पान दाखवलं होतं आणि माणसाला दुसरं. पण ते बीएमडब्ल्यू होते, त्यांना मोठ्या गाड्या विकायच्या होत्या, आपल्याला कुकर विकायचाय, आपल्याला कोण विचारते.

आता लिंका. ही गोष्ट जरा समजून घ्या कारण इथेच सगळ्यात जास्त पैसा जाते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या गूगल काढणाऱ्या दोन पोट्ट्यांनी स्टॅनफर्डला असताना, ९८ च्या सुमारास, असा हिशोब मांडला की एका साइटने दुसरीची लिंक दिली म्हणजे ते एक मत, पण सगळी मतं सारखी नाही, कोण देऊन राहिलं त्याच्यावर वजन. म्हणजे सावजी कुठे चांगलं भेटते हे तुम्हाला खवय्याने सांगितलं तर तुम्ही गाडी काढता, आणि रिकाम्या हॉटेलच्या दारात उभं राहून हात दाखवणाऱ्याने सांगितलं तर काढत नाही. आता तुम्ही काय करायचं, तर हात दाखवणारे पाच हजार विकत घ्यायचे. आतेभावाने घेतले. रशियातली जुगाराची साइट, कुठलीतरी केस उगवायच्या गोळ्यांची साइट, एक साइट अशी की कोणत्या भाषेत आहे तेच समजत नाही, सगळ्यांनी एकमताने सांगितलं की भांडे घ्यावे तर इतवारीतून. अमेरिकेत जेसी पेनी नावाची मोठी दुकानवाली कंपनी आहे, तिच्या असल्याच लिंका २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड्या पाडल्या आणि ती धपकन खाली आली, २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचं अपडेट आणून असल्या साइटींना झोडपलं, आणि पुढे पुढे तर अशा लिंका मोजायच्याच बंद केल्या, म्हणजे तुमचे पैसे ना फायद्याला ना तोट्याला, नुसते गेले. पण एक्सेलची फाइल मिळते पाच हजार ओळींची. ती बघून माणसाला बरं वाटते. आतेभावाने प्रिंट काढून ठेवली आहे.

सोबत डीए वाढवून घ्या. डोमेन ऑथॉरिटी. हा आकडा मॉझ नावाची एक वेगळीच कंपनी स्वतःच्या हिशोबाने काढते, गूगल तो रँकिंगला वापरत नाही, पण ७ चा १२ झाला की पेढे वाटायला काही हरकत नाही.

हौ, एरियावाइज पानं राहिलीच. दुकान एक, पण पानं चाळीस पाहिजे. धरमपेठेत भांडे, सदरमध्ये भांडे, मानेवाड्यात भांडे, हिंगण्यात भांडे, कामठीत भांडे. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदलायचं, त्याच्यासाठी फाइंड-रिप्लेस असते, एका तासात काम. गूगलच्या भाषेत याला डोअरवे पान म्हणतात आणि ते त्यांना चालत नाही, पण आपल्याला चालते. फक्त पोट्ट्याने इतवारी काढून कामठी टाकताना पत्त्यातलं इतवारी पण बदलून टाकलं, त्यामुळे साइट सांगून राहिली की आमचं दुकान तीन पिढ्यांपासून कामठीत आहे, आणि मे महिन्याच्या भर उन्हात, म्हणजे आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे, एक कुटुंब पोरीच्या लग्नाचं भांडं घ्यायला तिकडे दीड तास फिरत राहिलं. मग त्यांनी फोन लावला. फोन नंबर साइटवर फोटोत होता, दाबून लागत नाही, बघून बघून टाइप करावा लागते. आतेभाऊ म्हणे तुम्ही कामठीला काहून गेले बाप्पा? ते म्हणे तुमचंच दुकान आहे म्हणून गेलो. दोघंही खरं बोलत होते.

मजकूर कसा लिहायचा ते पण सांगतो. दोन हजार शब्दांच्या वर पाहिजे, गूगल म्हणे शब्द मोजत नाही, पण आपण मोजायचे. कुकरची किंमत सांगायच्या आधी सिंधू संस्कृतीतली मडकी आली पाहिजे. आणि टायपिंग महाल एरियातल्या ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून करून घ्या, तो लग्नपत्रिकेच्या सवयीने कृतिदेवमध्ये करून देते. कृतिदेव म्हणजे डोळ्याला मराठी आणि आतून इंग्रजी अक्षरं, त्याच्यावर मराठी मुखवटा. फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर आणि रोबोटला आतलं कडबोळंच दिसते. हे कोणी लक्षात आणून दिलं तर सगळीकडे वाचता येते त्या युनिकोडमध्ये पुन्हा टाइप नाही करायचं, त्याचा फोटो काढून फोटो टाकायचा. आतेभावाची अख्खी भावयादी एका फ्लेक्सच्या फोटोत आहे, वर कोपऱ्यात आजोबा, मागे सूर्यकिरणं, फाइल एवढी जड की पान उघडेपर्यंत माणूस शेजारच्या दुकानातून कुकर घेऊन घरी पोचते. गूगल साइटचं मोबाइलवरचं रूप बघून हिशोब करते म्हणतात. तर मग पोट्ट्याने मोबाइलवर काय दिसते ते बघितलं का? नाही, त्याच्याकडे लॅपटॉप आहे नं.

गूगलच्या नकाशावरचं दुकानाचं प्रोफाइल सोडू नका. गूगल स्वतः सांगते की तिथे तीन गोष्टी चालतात, शोधणाऱ्याला पाहिजे ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती दूर आहे, आणि तुम्हाला लोक किती ओळखतात. दूर-जवळचा प्रश्न पोट्ट्याने एका मिनिटात सोडवला, म्हणे पिन झिरो माइलच्या दगडावर टाकू, देशाचा मध्य म्हणतात त्याला, सगळ्यांनाच जवळ पडते. आतेभावाच्या पोरीने, म्हणजे माझ्या पुतणीने, हाणून पाडलं म्हणून, नाहीतर मी तर तयार होतो. रिव्ह्यूचं मात्र जमलं. चंद्रपूरची मावशी, अमरावतीचे तीन मामा, पुण्यातला साळभाऊ, सगळ्यांनी एकाच रविवारी दुपारी पाच-पाच तारे दिले आणि सगळ्यांनी लिहिलं 'बेस्ट सर्व्हिस'. मावशी दुकानात शेवटी आली ती आतेभावाच्या लग्नाच्या वेळी.

आणि नंबर कितवा आला ते रोज तपासायचं, स्वतःच्या मोबाइलवर, दुकानात बसून, स्वतःच्याच साइटवर वीस वेळा क्लिक करून. ठिकाण आणि आधी काय काय शोधलं ते बघून गूगल रिझल्ट देते, म्हणून तुमच्या गल्ल्यावर बसून तुमचंच नाव टाकलं तर तुम्ही एक नंबर नसाल तर काय मी असणार? आतेभाऊ सकाळी अगरबत्ती लावली की पहिले हेच करते. तिसऱ्या महिन्यात पोट्ट्याने स्क्रीनशॉट पाठवला, एक नंबर, आतेभावाने संत्रा बर्फीचा डबा दिला आणि बाकीचे पैसे.

सात महिन्यांनी पुतणीने सर्च कन्सोल, म्हणजे गूगलला आपली साइट कशी दिसते ते सांगणारं गूगलचंच टूल, उघडून बघितलं. फुकट असते ते, पण उघडायचं नसते, उघडलं की मूड जाते. साइटच्या बुडाशी रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक छोटी फाइल असते, रोबोटला कुठे यायचं कुठे नाही ते सांगणारी, आणि साइट बनत असताना पोट्ट्याने तिच्यात एक ओळ टाकून ठेवली होती की कोणीच कुठेच यायचं नाही. ती काढायची राहून गेली. म्हणजे सात महिने गूगलने साइटचं एकही पान वाचलं नव्हतं. पांढऱ्यावरचं पांढरं नाही, सिंधू संस्कृती नाही, कामठी नाही, काहीच नाही. तो एक नंबरचा स्क्रीनशॉट नकाशावरच्या कार्डाचा होता, जे पुतणीने बारावीच्या सुट्टीत फुकटात बनवलं होतं.

आतेभाऊ चिडला, पण मी त्याला म्हटलं शांत बस, एवढे गुन्हे करून गूगलच्या हाती तू लागला नाहीस ते त्या एका ओळीमुळेच, त्या पोट्ट्याला अजून एक डबा दे.

तर आता ती ओळ काढली आहे. पोट्टा तोच आहे, दुसरा कुठे शोधता, आणि आता तो म्हणते भाऊ, एआयने रोजचे वीस लेख टाकू. गूगलने २०२४ च्या मार्चमध्ये असा घाऊक मजकूर स्पॅममध्ये धरू म्हणून नियम काढला, म्हणून थोडं सावधपणे रोजचे दहाच टाकून राहिले. विषय म्हणून आतेभावाने शेवटी हट्टाने स्वतःचे दोन शब्द दिले, गंज आणि कोपर, लोक तेच मागतात नं म्हणे. एआयने काही विचारलं नाही, पोट्ट्याने काही वाचलं नाही. सध्या साइटवर लिंबू-मिठाने गंज कसा घालवायचा याच्यावर सात लेख आहेत आणि कोपर का दुखते याच्यावर अकरा.

आणि बघा, फोन येऊन राहिले! परवा मी दुकानात बसलो होतो तेव्हाच एका बाईंचा आला, वर्ध्याहून, म्हणे कोपराचा लय त्रास आहे, दाखवायला कधी आणू? आतेभाऊ खूश झाला. म्हणे कधीही आणा ताई, पितळेचा आहे का स्टीलचा? पितळेचा असन तर कल्हई पण करून देऊ.