हाय लाइनच्या बागेमागचा व्यवहार

जुन्या रेल्वेपुलावर फुलवलेल्या न्यूयॉर्कच्या हाय लाइन उद्यानाचे कौतुक होते ते बहुधा तिथल्या झाडाझुडपांमुळे, आणि ते रास्तच आहे. मॅनहॅटनच्या टेन्थ अव्हेन्यूवर एके काळी मालगाड्या भर रस्त्यातून धावत आणि त्यांच्याखाली इतकी माणसे दगावली, की लोक त्या रस्त्याला ‘डेथ अव्हेन्यू’ म्हणू लागले. गाडीपुढे बावटा घेतलेला घोडेस्वार ठेवावा लागे. अखेर १९३४ मध्ये रूळ उंच पोलादी पुलावर नेले गेले. १९८० मध्ये शेवटची गाडी धावली आणि त्यानंतर खडीत आपोआप रान माजले. डच उद्यानरचनाकार पीट उडॉल्फ यांनी त्या रानाचाच धागा धरून लागवड आखली. पायवाटेच्या काँक्रीटच्या फळ्यांची टोके निमुळती ठेवली आहेत, त्यामुळे त्यांच्या फटींतून गवत वर येते.

मला मात्र या बागेमागचा व्यवहार अधिक बोलका वाटतो. पुलाखालच्या जमिनींच्या मालकांना पूल पाडून हवा होता. तो वाचवण्यासाठी जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड यांनी १९९९ मध्ये संस्था काढली. पण मालकांचा विरोध मावळण्यास मोठे कारण ठरली ती २००५ ची तरतूद. पुलामुळे वापरता न येणारे बांधकामाचे हक्क परिसरातील ठरावीक भूखंडांसाठी विकण्याची मुभा त्यांना मिळाली. मुंबईकर ज्याला टीडीआर म्हणतात, तोच हा प्रकार. २००९ मध्ये बागेचा पहिला टप्पा खुला झाला आणि दोन्ही बाजूंना श्रीमंतांचे टॉवर उभे राहिले.

परवडणाऱ्या घरांची सोय नियमांत होती, परंतु ती बिल्डरच्या मर्जीवर सोडलेली होती. माझा आक्षेप नेमका इथे आहे. सार्वजनिक पैशातून बाग झाली, तिच्यामुळे जमिनीचे मोल वाढले, तर त्या वाढीतला वाटा शेजारच्या भाडेकरूंसाठी सक्तीने राखून ठेवायला हवा होता. परिसरातील लोकांसाठी आपण कमी पडलो, अशी कबुली खुद्द हॅमंड यांनी २०१७ मध्ये दिली. बाग कशी दिसावी हे विचारण्याआधी तुम्हाला काय हवे, हे लोकांना विचारायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला पूर्णपणे पटते.

पॅरिसने हाच प्रयोग आधी केला होता. १९६९ मध्ये बंद पडलेल्या बास्तिय रेल्वेमार्गाच्या पुलावर तिथे बाग झाली आणि खालच्या विटांच्या कमानींत कारागिरांच्या कार्यशाळा आल्या. जुना पूल हाती असलेल्या कुठल्याही शहराने निदान त्याच्याखालची जागा तरी आपल्याच मालकीची ठेवावी आणि तिचे भाडे स्वतः ठरवावे.