पॅड दूध ओढून घेत नाही

बाळ झाल्याची बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली की पेढ्यांच्या चित्रांपाठोपाठ अंगावर पाजणाऱ्या आईसाठी सूचनांचा एक लांबलचक संदेश हमखास येतो. त्याची शब्दरचना दर वेळी थोडी बदलते, पण आशय ठरलेला असतो. जिचे दूध गळते तिला भरपूर दूध असते आणि जिचे गळत नाही तिला कमी. गळलेले दूध म्हणजे बाळाच्या तोंडचे गेलेले दूध. गळणारे दूध टिपायला ब्लाऊजच्या आत ठेवायचे ब्रेस्ट पॅड दूध ओढून घेतात, त्यामुळे गळती वाढते आणि पुढे दूध आटते. पॅडमधील रसायनांमुळे गाठी आणि कर्करोग होतो. म्हणून पॅड न वापरता छाती घट्ट बांधावी आणि पाणी कमी प्यावे. आणि शेवटी, पूर्वीच्या बायकांना असले काही लागत नव्हते. हा संदेश पाठवणाऱ्या मावशी-आत्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही आणि त्यांपैकी एक तर आईला ताप आणि गाठीच्या दुखण्यापर्यंत नेऊ शकते.

पहिल्या विधानापासून सुरुवात करतो, कारण बाकीची भीती त्याच्यावरच उभी आहे. दूध तयार होणे आणि दूध बाहेर येणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दूध तयार करण्याचे काम प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या आधाराने चालते, तर तयार झालेले दूध पुढे ढकलण्याचे काम ऑक्सिटोसिन करते. बाळ चोखू लागले, रडले, किंवा आईच्या मनात नुसता त्याचा विचार आला, तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येते, दुग्धग्रंथींभोवतीच्या स्नायूपेशी आकसतात आणि दूध नलिकांतून पुढे सरकते. मराठीत यालाच पान्हा फुटणे म्हणतात. गोठ्यात वावरलेल्या माणसाला यातले काही वेगळे समजावून सांगावे लागत नाही: वासराने ढुशी दिली की गाय पान्हवते आणि धार काढणारा अनोळखी असला तर तीच गाय पान्हा चोरते. पान्हा चोरणाऱ्या गाईच्या कासेत दूधच नाही, असे मात्र कोणी म्हणत नाही. ऑक्सिटोसिन रक्तातून फिरत असल्यामुळे ते दोन्ही स्तनांना एकाच वेळी पोहोचते. बाळ डावीकडे पीत असताना उजवीकडचा ब्लाऊज भिजतो तो यामुळेच. ऊन पाण्याने आंघोळ करताना, शेजारचे बाळ रडल्यावर किंवा शरीरसंबंधाच्या वेळी दूध येते, त्याचेही कारण हेच आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मग एकीचे गळते आणि दुसरीचे गळत नाही, असे का? स्तनाग्रातील नलिकांची तोंडे मिटून धरणारे स्नायू प्रत्येकीचे सारखे घट्ट नसतात आणि दूध साठवण्याची स्तनांची क्षमताही वेगवेगळी असते. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत दूध मुख्यतः संप्रेरकांच्या जोरावर तयार होते आणि ते पुष्कळदा बाळाच्या गरजेपेक्षा जास्त असते. साधारण सहा ते दहा आठवड्यांत जेवढे दूध निघेल तेवढेच तयार होण्याचा हिशेब बसतो, छाती पूर्वीसारखी दाटून येत नाही, हाताला मऊ लागते आणि गळती कमी होते किंवा थांबते. संदेश खरे नुकसान करतो ते नेमके या टप्प्यावर. दोन महिन्यांपर्यंत कपडे भिजत होते आणि आता भिजत नाहीत, तेव्हा दूध आटले असावे, अशी आईची समजूत होते. घरातले कोणीतरी पावडरच्या दुधाचा डबा आणते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी वेळ चोखते आणि कमी चोखले गेल्यामुळे दूध खरोखरच कमी होते. संदेशाचे भाकीत असे खरे ठरते आणि पुढच्या बाळंतिणीला तो आणखी विश्वासाने पाठवला जातो.

दूध पुरते की नाही हे बाळाकडे पाहून ठरवायचे असते, आईच्या ब्लाऊजकडे पाहून नव्हे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा लंगोट चांगले ओले होत असेल, जन्माच्या वेळचे वजन पहिल्या दहा ते चौदा दिवसांत भरून निघाले असेल आणि पुढे वजनाचा आलेख चढता असेल, तर दूध पुरेसे आहे; मग आईचे एक थेंबही गळो किंवा न गळो.

बाळाच्या तोंडचे दूध जाते, या दुसऱ्या विधानाची परीक्षा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर घरच्या घरी करता येते. कोरडे पॅड तोलावे, भिजल्यावर पुन्हा तोलावे. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर दूध गळले, असे ढोबळमानाने धरता येते. केवळ अंगावर पिणारे एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पिते. त्या आकड्याशेजारी आपल्या वजनकाट्यावरचा आकडा ठेवून पाहावा. शिवाय स्तन म्हणजे काही एकदाच भरलेला हंडा नव्हे. दूध निघत असतानाही नवीन दूध तयार होतच असते. पॅडमध्ये मुरलेले दूध मात्र पिळून बाळाला देऊ नये. गळतीचे दूध वाया घालवायचे नसेल, तर पाजताना दुसऱ्या बाजूला उकळून घेतलेली वाटी धरावी आणि जमलेले दूध लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. त्यात स्निग्धांश कमी असतो, म्हणून तेवढ्यावरच बाळाचे पूर्ण पोषण करू नये, इतकेच. ज्यांना खरोखरच फार जास्त दूध येते त्यांच्यासाठी दूध बँका आहेत. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने देशातील पहिली मातृदुग्ध बँक सुरू झाली आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिथे दान केलेले दूध प्रक्रिया करून दिले जाते.

तिसरे विधान, म्हणजे पॅड दूध ओढून घेते हे, थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात एका वेगळ्याच वस्तूबद्दलचे सत्य मिसळलेले आहे. कापडी पॅड किंवा वापरून टाकून देण्याचे पॅड बाहेर आलेला थेंब टिपते, त्यापलीकडे काही करत नाही. टाकाऊ पॅडच्या गाभ्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण असतात, जे पाणी धरून फुगतात आणि जेलसारखे होतात; पण ते त्वचेच्या आतून काही खेचू शकत नाहीत. दौतीशेजारी टीपकागद ठेवला म्हणून दौत रिकामी होत नाही. बाजारात मात्र पॅडच्याच फळीवर आणखी दोन वस्तू विकायला असतात. एक म्हणजे ब्राच्या आत घालायची प्लॅस्टिकची वाटी, जिच्या कड्याचा स्तनाग्राभोवती दाब पडतो आणि त्या दाबाने दूध अधिक ठिबकते. दुसरी म्हणजे पोकळीच्या जोरावर स्तनाला चिकटून राहणारे सिलिकॉनचे भांडे, जे प्रत्यक्षात दूध ओढते. ही भांडी दर वेळी लावली तर शरीराला जास्त दूध हवे असल्याचा निरोप जातो, दूध वाढते आणि गळतीही वाढते. आटण्याचा प्रश्न येतच नाही. ज्या आईला या भांड्याचा अनुभव आला तिने तो पॅडच्या नावावर जमा केला असावा, असे मला वाटते. म्हणून गळती हाच त्रास असेल तर पॅड घ्यावे, भांडे घेऊ नये.

रसायने आणि कर्करोगाची भीती सर्वांत वाईट आहे, कारण ती खोटी असूनही मनात घर करते. ब्रेस्ट पॅडमुळे स्तनाचा कर्करोग होतो असा कोणताही पुरावा नाही. स्तनपान आणि हा कर्करोग यांच्या संबंधावर मात्र भरपूर पुरावा आहे आणि तो आईच्या बाजूचा आहे: ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी कमी होत असल्याचे आढळले होते. अंगावर पाजताना लागणारी गाठ बहुतेक वेळा दूध साकळल्याची किंवा सुजेची असते. ती काही दिवसांत विरली नाही, किंवा पॅडवर पुन्हा पुन्हा रक्त दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. तिचा पॅडशी संबंध जोडत बसू नये.

पॅडचा खरा धोका रसायनांइतका रंजक नाही: तो ओलाव्याचा आहे. भिजलेले पॅड तासन्‌तास त्वचेला लागून राहिले, आणि त्यातही त्याच्या मागे हवा न जाऊ देणारे प्लॅस्टिक असले, तर स्तनाग्राची कातडी पाण्यात बराच वेळ राहिलेल्या बोटांसारखी पांढुरकी आणि मऊ पडते, चिरते आणि त्या चिरांतून जंतूंना वाट मिळते. त्यामुळे पॅड निवडताना ते किती दूध धरते यापेक्षा त्याचा त्वचेकडचा थर किती कोरडा राहतो हे पाहावे, सुगंधी पॅड टाळावे आणि ओले लागताच बदलावे. मुंबईच्या दमट हवेत घरी असताना सुती पॅड बरे पडते. प्रवासात किंवा कचेरीत, जिथे बदलायला जागा आणि सवड कमी असते, तिथे टाकाऊ पॅड सोयीचे होते. एसटीच्या मोठ्या स्थानकांवरील हिरकणी कक्षांचा उपयोग पाजण्याबरोबरच पॅड बदलायलाही करता येतो. जखमेला पॅड चिकटले असेल तर ओढू नये. कोमट पाण्याने भिजवून सोडवावे. पैसे वाचवण्यासाठी सॅनिटरी नॅपकिन कापून लावण्याचा सल्लाही काही जणी देतात. कापलेल्या कडेतून आतले जेलचे कण बाहेर येऊन स्तनाग्राला चिकटतात, तेव्हा हा काटकसरीचा मार्ग सोडलेला बरा.

आता छाती घट्ट बांधण्याच्या सल्ल्याविषयी. हेच ते विधान, ज्यामुळे आई आजारी पडू शकते. बांधल्यामुळे गळती वरवर थांबते, पण दूध आत तुंबते, स्तनाचा एखादा भाग कडक होतो, तिथे सूज येते आणि पुढे थंडी वाजून ताप येण्यापर्यंत मजल जाते. हुकांनी आवळलेला बाळंतपणापूर्वीचा ब्लाऊज किंवा तारेची ब्रा दिवसभर घातली तरी हाच परिणाम होऊ शकतो. असे झाल्यास त्या बाजूने पाजणे बंद करू नये, जोरजोरात चोळू नये, थंड पट्टी ठेवावी आणि चोवीस तासांत आराम पडला नाही किंवा ताप चढला तर डॉक्टरांकडे जावे. पाणी कमी पिऊन गळती थांबत नाही. थांबते ते आईचे लघवीला जाणे, आणि बद्धकोष्ठ वाढतो. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे.

चारचौघांत पान्हा फुटल्याची जाणीव झाली, तर क्षणभराचा दाब उपयोगी पडतो. हातांची घडी घालून किंवा ओढणीआडून तळहाताने स्तनाग्र सरळ आत, बरगड्यांकडे, दहाएक सेकंद दाबून धरले की बहुतेकींची गळती थांबते. पहिल्या काही आठवड्यांत, दूध नीट बसलेले नसताना, हा उपाय दिवसातून अनेकदा करू नये. २६ आठवड्यांची रजा संपवून कामावर जाणाऱ्या आईची अडचण वेगळी असते: आठ-नऊ तासांच्या अंतराने दूध दाटते आणि मग गळते. अशा वेळी जाड पॅड शोधण्यापेक्षा दर तीन तासांनी हाताने किंवा पंपाने दूध काढण्याची सोय शोधावी. ती झाली की साधे पॅडही पुरते.

राहता राहिल्या पूर्वीच्या बायका. त्या सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत असत, बाळ सतत कुशीत असे, लोकलने अंधेरीला जायचे नसे. भिजलेली चोळी पाहायला आई-सासूखेरीज कोणी नव्हते. आणि तरीही त्या कोरड्या कशा राहत, असे माझ्या आजीला मी विचारले होते, तेव्हा तिने जुन्या नऊवारीच्या घड्यांबद्दल सांगितले. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे चौकोन दुमडून चोळीत ठेवायचे आणि ओले झाले की बदलायचे. त्याला पॅड म्हणत नसत, एवढाच फरक. आजही ते करता येते: जुन्या सुती साडीचे किंवा पंचाचे बारा सेंटिमीटर व्यासाचे गोल कापावेत, पाच-सहा थर एकावर एक ठेवून कडेने सपाट शिवावेत, म्हणजे शिवण टोचत नाही. दुधाचा डाग आधी थंड पाण्यात भिजवावा, कारण गरम पाण्याने तो पक्का बसतो; कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, त्याने कापडाची टिपण्याची ताकद जाते. एरवी सहा जोड पुरतात आणि ते उन्हात कडक वाळतात. कोकणात आणि मुंबईत आषाढ-श्रावणात बाळंतपण असेल तर दहा-बारा जोड शिवावेत आणि प्रत्येक पॅडवर इस्त्री फिरवूनच ते वापरावे, कारण हाताला कोरडे वाटणारे कापड त्या दिवसांत आतून ओलसरच असते.