फॅक्ससकट द्या

ऑफिससाठी प्रिंटर घेणं म्हणजे बाजारात जायचं आणि एक खोकं उचलून आणायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरात धंदा नसावा. आमच्या घरात आहे. इंदूरला पोलोग्राउंडमध्ये आमची लहानशी शेड आहे. डेअऱ्यांना आणि औषधांच्या कारखान्यांना लागणारी रबरी गॅस्केटं नि ओ-रिंगा तिथे तयार होतात. माल छोटा, गोल आणि गरीब स्वभावाचा. त्याच्यामागचा कागद मात्र अफाट: कोटेशन, चलन, टॅक्स इनव्हॉइस, ई-वे बिल, टेस्ट सर्टिफिकेट आणि ‘आपले पत्र पावले, आभारी आहोत’ एवढंच सांगणारं पत्र. हा शेवटचा प्रकार आता फक्त अप्पा लिहितात. अप्पा म्हणजे माझे सासरे. धंदा त्यांनी उभा केला आणि आम्ही तो बुडवणार आहोत, याबद्दल त्यांची खात्री आहे.

जुन्या प्रिंटरने मान टाकली ती मार्चमध्ये. मार्चमध्ये आमचे अकाउंटंट शर्माजी चहासुद्धा खुर्चीतच पितात. नवा घ्यायचा तर ऑल-इन-वनच, म्हणजे छपाई, स्कॅन, कॉपी सगळं एकाच खोक्यात, यावर सगळ्यांचं तिथल्या तिथे एकमत झालं. आमच्याकडे इतक्या झटपट एकमत झालं की मला धडकी भरते. भरायला कारणही होतं. प्रत्येकाच्या मनातलं ‘ऑल’ वेगळं निघालं.

शर्माजींना कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणारा हवा होता. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्वस्त हवा होता. विकत घेताना स्वस्त की चालवताना स्वस्त, असं विचारलं तर म्हणाला, “दोन्ही.” चिन्मयला, म्हणजे मुलाला, फोनवरून चालणारा आणि रंगीत हवा होता, कारण त्याला कंपनीचं ब्रोशर काढायचंय. (आमच्या बहुतेक ओ-रिंगा काळ्या असतात. रंगीत छापल्या तरी त्या काळ्याच येणार. पण बोलून वाईटपणा कोण घेणार?) ऑफिसात झाडूपासून बँकेपर्यंत सगळं बघणारा मांगीलाल तेवढा एका वाक्यात आटपला. “भाभीजी, पीछे से खुलना चाहिए, बस.” अडकलेला कागद चिमट्याने काढण्यात त्याची बरीच जवानी खर्ची पडली आहे.

“आणि फॅक्स?” अप्पांनी विचारलं.

“आजोबा, आता फॅक्स कोण करतं?” चिन्मय म्हणाला.

अप्पांनी उत्तर दिलं नाही. उठून कपाटातून लेटरहेडचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. वर गणपती, खाली कंपनीचं नाव, त्याखाली ‘फोन/फॅक्स’ आणि पुढे 0731 ने सुरू होणारा नंबर. “छापलंय ना? मग असायला पाहिजे. उद्या कुणी फॅक्स केला आणि गेला नाही तर काय म्हणेल? ही पार्टी लेटरहेडवरसुद्धा खोटं बोलते म्हणेल.” असे गठ्ठे कपाटात अजून दोन खण भरून होते. एकदम छापले की स्वस्त पडतात, म्हणून अप्पांनी ते एकदमच छापून घेतले होते. त्यापेक्षा लेटरहेडच बदलू या, असं सुधीर पुटपुटला, पण शर्माजींकडे तोंड करून आणि हिंदीत.

चिन्मयने फॅक्सला ‘पुराणकाळातलं’ म्हटलं म्हणून मी त्या रात्री शोधून पाहिलं. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने तारेवरून चित्र पाठवण्याच्या यंत्राचं पेटंट 1843 मध्ये घेतलं. टेलिफोनचं पेटंट 1876 चं. म्हणजे फॅक्स हा टेलिफोनपेक्षा तेहतीस वर्षांनी मोठा. 1865 मध्ये तर कासेल्ली नावाच्या इटालियन पाद्र्याच्या यंत्रावर पॅरिस ते ल्यों अशी सेवासुद्धा सुरू झाली होती. बेनच्या पेटंटच्या वेळी आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे आगगाडीलाही दहा वर्षं अवकाश होता आणि इंदुरात होळकरांचं राज्य होतं. ही माहिती मी सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता अप्पांना दिली. द्यायला नको होती असं सुधीरचं मत आहे. “म्हणजे टेलिफोन आला तरी फॅक्स गेला नाही,” अप्पा म्हणाले, “तो काय व्हॉट्सॲपला भिणार?”

पुढचे काही दिवस अप्पांच्या हाती कात्रणंच लागली. जपानचे मंत्री तारो कोनो यांनी 2021 मध्ये सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा खात्याखात्यांतून शेकडो हरकती आल्या आणि बेत बारगळला. “जपान! बुलेट ट्रेनवाले लोक!” दुसरं कात्रण आपल्याच देशातलं, नोव्हेंबर 2018 चं. मेहबूबा मुफ्तींनी सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र जम्मूच्या राजभवनाला फॅक्स केलं, ते तिथे पोचलंच नाही आणि त्याच संध्याकाळी विधानसभा विसर्जित झाली. ईदची सुट्टी असल्यामुळे फॅक्सजवळ कुणी नव्हतं, असं राज्यपालांनी नंतर सांगितलं. यावर अप्पांचं म्हणणं, फॅक्स चालू नसला तर केवढ्याला पडतं बघा. चिन्मयचं म्हणणं, शेवटी ते पत्र त्यांना ट्विटरवरच टाकावं लागलं ना? एकाच बातमीवर दोघंही जिंकले आणि दोघांनीही त्या दिवशी दुसऱ्यांदा जिलबी घेतली.

अखेर आर.एन.टी. मार्गावरच्या कॉम्प्युटर बाजारात आमची वरात गेली. अप्पा, सुधीर, मी आणि ‘उठवायला कुणीतरी लागेल’ म्हणून मांगीलाल. दुकानातला मुलगा फार तर बावीसचा असेल. त्याने आधी इंक टँक दाखवला. पानाला दहा-बारा पैसे, असं तो म्हणाल्याबरोबर सुधीरच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मी विचारलं, दिवाळीत आठवडाभर शेड बंद असते, मेच्या उन्हाळ्यात कधी कधी दोन-दोन दिवस एक पान निघत नाही, शाई वाळून नोझल चोंदलं तर? “मैडम, हफ्ते में एक कलर प्रिंट निकालते रहो.” म्हणजे यंत्राची तब्येत राहावी म्हणून काही काम नसताना दर आठवड्याला एक गुलाबाचं फूल छापायचं. शर्माजींना हे काम सांगायची माझी हिंमत नाही.

लेझरच्या टोनरला वाळण्याची भीती नाही, ती मुळात भुकटीच. पण तिथे हिशोब दुसरा. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या काळ्या लेझरसाठी आयएसओ 19752 नावाच्या मानकाप्रमाणे काढतात आणि त्यातल्या नमुना-कागदावर साधारण पाच टक्केच जागा काळी असते. पाच टक्के! आमच्या बिलावर पाच टक्के तर गणपतीतच जातात. मग टेबलाच्या काळ्या पट्ट्या, मग ‘ओरिजिनल फॉर रेसिपियंट’, मग अप्पांनी घालायला लावलेली दुहेरी चौकट. वर नव्या मशीनबरोबर येणारं टोनर बहुतेक वेळा अर्धवटच भरलेलं असतं. आणि तो मुलगा ज्या ‘महिना बीस हजार पेज’चं कौतुक सांगत होता, ती झाली ड्यूटी सायकल, म्हणजे यंत्राने जीव तोडून केलं तर. रोज झेपेल असा आकडा माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात असतो आणि तो बराच लहान असतो. मी चष्मा चढवून तेवढाच वाचला.

आता लीगलचं रामायण. आमच्या शेडची भाडेचिठ्ठी, जुने करारनामे, बँकेचे कागद सगळे लीगल साइजचे, साडेआठ इंच बाय चौदा. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये ए4 कागद मान्य केला, पण आमच्या कपाटाला ते कुणी कळवलेलं नाही. मी पर्समधून जुना करार काढला आणि मशीनची काच उघडून त्यावर ठेवला. कागद संपायच्या आधी काच संपली. बाहेर काय राहिलं तर नेमकं खालचं: सही, शिक्का आणि साक्षीदार. ट्रे लीगल घेतो, छपाई लीगल होते, पण काच ए4 ची. “लीगल ऊपर से जाता है, मैडम, फीडर से.” फीडर कागद रोलरमधून ओढून घेतो. अप्पांच्या लग्नाआधीचा स्टँप पेपर, घड्यांवर फाटलेला आणि मागून सेलोटेप लावलेला, तो फीडरने ओढायचा? जो कागद नाजूक आहे त्याला काच हवी आणि काचेवर तो मावत नाही. जो मावतो त्याला काचेची गरज नाही. दुकानातला मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या दुकानात आजवर बहुधा कुणी भाडेचिठ्ठी घेऊन आलं नसावं.

मग अप्पांनी विचारलं, “फैक्स है?”

“सर, फैक्स मतलब… स्कैन जैसा?”

दुकानात क्षणभर शांतता पसरली. मग अप्पा खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी त्या मुलाला पहिल्यापासून समजावलं. आधी नंबर लावायचा, मग पलीकडचं मशीन शीळ घालतं, मग दोन्ही मशीनं किती वेगाने बोलायचं ते आपसात ठरवतात आणि मग पान जातं. शीळ कशी असते ते शब्दांत येईना म्हणून त्यांनी ती करून दाखवली. आधी लांब “पीईईं”, मग घशातून “खर्रर्रर्र”, मग पुन्हा शीळ. शेजारच्या दुकानातले दोघं बघायला आले. एक म्हणाला, “भिया, पुराना इंटरनेट भी ऐसे ही बोलता था.” अप्पांना पहिल्यांदाच कुणीतरी समजून घेतलं. त्या माणसाला त्यांनी ओ-रिंगचं व्हिजिटिंग कार्ड दिलं.

फॅक्सवालं मॉडेल निघालं चार-पाच हजारांनी महाग. फोनच्या तारेचं एक भोक आणि चार जास्तीची बटणं, एवढ्याचे. सुधीर बाहेर जाऊन मोसंबीचा रस पिऊन आला.

खरं सांगायचं तर निवड तिथे ठरलीच होती. तक्ते मी केले होते. पानाचा खर्च, वेग, वॉरंटी, 2.4 गिगाहर्ट्झचा वायफाय, सगळं वहीत होतं. पण घरच्या धंद्यात यंत्र तक्त्यावरून घेत नाहीत. कोण किती दिवस रुसेल यावरून घेतात. चिन्मय रंगासाठी दोन दिवस रुसेल, सुधीर पैशांसाठी आठवडा. अप्पा लेटरहेड संपेपर्यंत. आणि ही बहुकामी यंत्रं म्हणजे एकत्र कुटुंबच: स्कॅनरचं काही दुखलं की प्रिंटरही जेवत नाही, पडद्यावर एक चूक दाखवून सगळे बसून राहतात. काळा लेझर, दोन्ही बाजूंनी छापणारा, फीडरवाला, फॅक्ससकट असा ठराव झाला. मांगीलालने तेवढ्यात मागे जाऊन झाकण उघडून पाहिलं. उघडलं. “ले लो,” तो म्हणाला, आणि मग बिल झालं.

मशीन आलं त्या दिवशी शर्माजींनी ते यूपीएसवर लावलं. यूपीएसने किंकाळी फोडली आणि अर्ध्या जीएसटी रिटर्नसकट कॉम्प्युटर झोपला. लेझरमधला फ्यूजर भुकटी कागदावर वितळवायला दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि तापताना एका दमात भरपूर वीज ओढतो. म्हणून तो यूपीएसवर लावू नका असं पुस्तकात पहिल्या पानांतच छापलेलं असतं. पुस्तक चिन्मयने वाचलं, पण यूपीएस शांत झाल्यावर.

फॅक्सचं पुढे. आमच्या नंबराची तांब्याची तार जाऊन आता फायबर आलंय. त्यात आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून पाठवतात. माणसांच्या बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तरी ऐकणारा अंदाजाने सावरून घेतो. फॅक्सला अंदाज नसतो, तो फोन ठेवून देतो. त्यासाठी टी.38 नावाची सोय लागते. फोन कंपनीच्या मुलाला ती विचारली तर त्याने मोबाइलमध्ये बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाला, “मैडम, ऐप में ऐसा ऑप्शन नहीं आ रहा.” दोन दिवस अप्पा मशीनसमोर स्टूल टाकून बसले. येणारा जाणारा विचारी, “क्या हुआ, अप्पाजी?” अप्पा म्हणत, “लाइन में कचरा है.” सफाईत पहिला नंबर मिळवणाऱ्या शहरात हे वाक्य जरा जपूनच बोलायला हवं.

शेवटी चिन्मयलाच राहवेना. एका रविवारी त्याने मशीनचा वेग सेकंदाला 33,600 बिटांवरून 9,600 वर आणला, एरर करेक्शन, म्हणजे चुकलेला तुकडा पुन्हा मागवणं, बंद केलं आणि म्हणाला, “आजोबा, आता लावून बघा. हळू बोलेल, पण बोलेल.” ज्याच्या मते फॅक्स पुराणकाळात जमा झाला होता, तो स्वतः फीडरमध्ये कागद सरळ धरून उभा होता.

पहिला फॅक्स कुणाला, हा प्रश्नच नव्हता. ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात अप्पांचे नाना राहतात, कॉलेजपासूनचे मित्र. त्यांच्या लेटरहेडवरही नंबर छापलेला आहे, त्यांच्या मुलानेही नाक मुरडून मशीन ठेवलेलं आहे. अप्पांनी शाईच्या पेनने, फिकट निळ्या शाईत, दोन पानं लिहिली. मी म्हटलं, ‘फाइन’चं बटण दाबा, साध्या मोडमध्ये उभ्या इंचाला जेमतेम 98 ओळी जातात, बारीक अक्षर उमटायचं नाही. “नानाला माझं अक्षर पाठ आहे,” अप्पा म्हणाले. पहिलं पान गेलं. दुसरं जात असताना, पोचतंय की नाही हे विचारायला अप्पांनी त्याच लाइनवरचा फोन उचलला. मशीनने एक लांब शीळ घातली आणि गप्प झालं.

पंधरा मिनिटांनी मशीन वाजलं. अप्पा, चिन्मय, शर्माजी, मांगीलाल, सगळे भोवती. कागद हळूहळू बाहेर आला, गरम गरम. नानांचं टपोरं अक्षर, काळ्या स्केचपेनने:

‘तुझा फॅक्स मिळाला. एक शब्द लागत नाही. दुसरं पान अर्धंच आलं. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठव.’

अप्पांनी कागद दोनदा वाचला, मग सुधीरच्या नाकासमोर धरला. “आता बोल. आला की नाही फॅक्स?”