आयकॉन सुखरूप पोहोचले

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून ११ चढेना. नवा कॉम्प्युटर आला. जुनी साडेतीन इंची हार्ड डिस्क त्याला जोडायची म्हणून साटा-टू-यूएसबी केबल घ्यायला नाशिकच्या कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात गेले.

पोराने नुसती केबल काढून दिली.

"अरे, ही लॅपटॉपच्या अडीच इंचीला चालते. साडेतीन इंचीला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीतून ५ च मिळतात. अ‍ॅडॉप्टरवाली दे."

पोराने बाजूला कार्ट्रिज भरून घ्यायला बसलेल्या काकांकडे पाहिलं. माझं बोलणं खरं की खोटं, हे आता काका ठरवणार!

"कशाला डिस्कबिस्क काढताय ताई?" काका म्हणाले. "मी परवाच अख्खा कॉम्प्युटर पेनड्राइव्हवर नेला. मिनिटभरात."

"अख्खा? किती जीबी भरला?"

"जीबी कसले! जागाच लागली नाही. टॅली, वर्ड, श्रीलिपी, डेस्कटॉपवरचं एकूण एक उचललं."

शॉर्टकट! मूळ प्रोग्रॅमकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या चिमुकल्या फाइल्स, एकेकीचं वजन एक-दोन केबी. काकांनी अख्खा संसार शंभरेक केबीत हलवला होता.

"काका, पंचवटीतल्या वाड्याची पाटी काढून गंगापूर रोडच्या फ्लॅटला ठोकली, तर वाडा तिकडे जातो का?"

"पाटी नाही हो ताई, आयकॉन," काका समजुतीने म्हणाले. पोरगा हसला. मला.

मग मीही पेटले. प्रोग्रॅम फाइल्सचं फोल्डर जसंच्या तसं उचललं तरी बहुतेक प्रोग्रॅम चालत नाहीत. रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीतल्या नोंदी, विंडोजच्या पोटातल्या डीएलएल नावाच्या मदतनीस फाइल्स आणि लायसन्स मागेच राहतात. सेटअप नव्याने टाकावाच लागतो. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर आधी सरेंडर करायचं, डेटाचं फोल्डर वेगळं उचलायचं. जुन्या मराठी पत्रांचे फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून न्यायचे, नाहीतर 'सप्रेम नमस्कार'च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. अ‍ॅपडेटा फोल्डर तर लपवलेलंच असतं. 'हिडन आयटम्स'वर टिक केल्याशिवाय ते दिसतही नाही, आणि ब्राउझरचं प्रोफाइल नेमकं तिथेच. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीची एक फाइलसुद्धा जात नाही, भले ६० जीबी मोकळे असोत. आणि केबल यूएसबी ३ चीच हवी. २.० वर सेकंदाला तीसेक एमबी, म्हणजे २०० जीबीला दोन तास उंबरठ्यावर बसा.

"बाई बरोबर बोलतायत का काका?" पोराने विचारलं.

हे मला बोचतं. दुकानात बाई दिसली की तिला माऊस आणि माऊसपॅडच हवा असतो, असं यांनी ठरवून टाकलेलं असतं. वर 'साहेब घरी नाहीत का?' फुकट.

काकांनी मान हलवली. "बोलतायत पुस्तकी. द्या त्यांना अ‍ॅडॉप्टर, हट्टच आहे तर."

पोराने आतून अ‍ॅडॉप्टरवाली केबल आणली. म्हणजे होती! पैसे देत होते, तेवढ्यात काका पोराकडे झुकले.

"तेवढं घरी येऊन बघतोस का रे? टॅलीवर डबल क्लिक केलं की पांढरी खिडकी येते, इंग्रजीत काहीतरी 'मूव्ह्ड' म्हणते. नवा कॉम्प्युटरच भंगार दिला त्यांनी."

"व्हिजिटचे पाचशे होतील काका."

"चालेल. जाणकार माणूस हवा."