वीस लाखांचा मेसेज: थोडा खुलासा

"विद्यापीठात स्टार्टअपसाठी नाव नोंदवा, २० लाख थेट खात्यात. फॉर्म फी ५०० रुपये." बीड-जालन्याच्या कॉलेज ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. आकडा हवेतला नाही, बाकी सगळं हवेतलं.

२०२१ ला आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे खरी. पण ती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची) मान्यता असलेल्या नोंदणीकृत स्टार्टअपला, अर्जाच्या वेळी दोन वर्षांहून जुना नसेल तरच. निवड इन्क्युबेशन केंद्राची, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्राची, समिती करते. पैसे हप्त्यांनी, काम दिसेल तसे. अर्ज सरकारी पोर्टलवर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अटल इन्क्युबेशन केंद्र आहे, हेही खरं. अशा केंद्रांना नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनकडून १० कोटींपर्यंत मिळू शकतात, ते केंद्र उभारायला आणि चालवायला. पोरांत वाटायला नव्हे!

परवा एका विद्यार्थिनीनं वहीच्या मागच्या पानावर काढलेलं तुरीच्या शेंगा सोलायच्या यंत्राचं चित्र दाखवलं. कल्पना झकास. ५०० रुपये मात्र तिनं आधीच भरले होते. क्यूआर कोडखाली नाव विद्यापीठाचं नव्हतंच, कुण्या माणसाचं होतं. तेवढ्यात मॉडेलचा पत्रा आला असता.