हौस म्हणालात म्हणून

स्पष्टवक्ते साहेब, नमस्कार.

(खरं नाव लिहायचा स्पष्टपणा दाखवला नाहीत, तेव्हा याच नावाने हाक मारते.)

रस्त्यावरून घरी आणलेल्या माझ्या कुत्रीवरच्या, ठमीवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण ह्यांनी लॅपटॉप मिटायला लावला. दोन दिवस थांबून लिहितेय, म्हणजे हे सौम्य आहे असं समजा.

बाकीच्या वाचकांसाठी: साहेबांचं म्हणणं असं की, किडनी बिघडलेल्या अकरा-बारा वर्षांच्या कुत्रीला भूल देणं हा जुगार होता, आणि तो धोका मी लेखात लिहिला नाही. गोचिड्यांनी भरलेलं जनावर घरात आणलं. टाकून देणाऱ्या मालकाची तक्रार केली नाही. तिचे हाल लांबवले. शिवाय माझ्या मराठीत हिंदी फार. इथवर ठीक होतं. पण शेवटचं वाक्य असं: ‘तिला शांतपणे जाऊ द्यायचं सोडून तुम्ही स्वतःची हौस भागवलीत, ताई.’

हौस. आणि वर ताई.

एक गोष्ट आधीच मान्य करते. ‘ठमी आता बरी झाली’ असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. गेलेली किडनी परत येत नाही, उरलेली सांभाळायची असते. वाक्य बदललंय. झालं समाधान?

आता हौस. इंदुरातल्या अन्नपूर्णा रोडवरच्या पोह्यांच्या ठेल्यामागे जलेबीच्या पाकाचे कागद चाटताना ती मला दिसली, तेव्हा लॅब्राडॉर आहे हे ओळखायलाच वेळ लागला. अंगाखाली आचळं लोंबत होती. पिलं विकून पैसे करणाऱ्या कुणीतरी वर्षानुवर्षं वापरून सोडलेली. फरशीवर पडून पडून कोपरांची कातडी टाचेसारखी काळी आणि टणक झालेली. एक नख वाढून, वळून तळव्यात शिरलं होतं. घरी आणल्यावर पहिल्या रात्री गादी घातली, तर गादीवर नाही, गादीशेजारी फरशीवर निजली, तोंड भिंतीकडे. पाणी मात्र पातेलं-पातेलं प्यायची. मला वाटलं, तहानलेली असेल.

तहान नव्हती, पायोमेट्रा होता. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होतो. त्याचं विष किडनीलाही भोवतं. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं तेव्हा क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) 3.4 होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, ‘ऑपरेशनमध्ये जाऊ शकते, न केलं तर जाणारच.’ याला तुम्ही जुगार म्हणता, मी हिशेब म्हणते. गर्भाशय काढल्यावर दहा दिवसांनी क्रिएटिनिन 2.1 आलं. तिसरा रस्ताही डॉक्टरांनी सांगितला होता, तुम्ही सांगता तोच. मी तो पुरता ऐकून घेतला नाही, हे खरं. पण टेबलावर ती माझ्या मनगटावर हनुवटी ठेवून उभी होती, तुमच्या नाही.

आणि आता रोजची हौस सांगते. रात्री नऊला सलाइनची बाटली कोमट पाण्याच्या टबात ठेवायची, कारण थंड सलाइन आत गेलं की ती थरथरते. मग बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि सुई त्या तंबूत घालायची. पाठीवर हा एवढा फुगा येतो. तासाभरात तो सरकत पुढच्या पायाच्या कोपराशी उतरतो आणि सकाळपर्यंत जिरतो. जेवायला भात, भोपळा, अंड्याचं पांढरं. घरात चिकन शिजलं की ती ओट्याखाली येऊन बसते आणि मला पाठ फिरवावी लागते. हौस असेल तर तुम्ही करून बघा आठवडाभर.

‘हाल लांबवणं’ हे मला नवीन नाही, साहेब. आईला लकवा झाला तेव्हा मी पस्तिशीची. रामबागेत दोन खोल्या, चार वर्षं. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिऊन, उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणायचा, ‘देवानं आता सोडवावं हो.’ त्याच आईनं शेवटच्या थंडीत डाव्या हाताने परातभर मटार सोलून दिले. निम्मे जमिनीवर सांडले, ती गोष्ट वेगळी.

तुम्ही म्हणाल, माणूस वेगळा, कुत्रं वेगळं. मग हेही ऐका. मी नववीत असताना बाबांची मिल बंद पडली आणि आम्ही लहान जागेत गेलो. नव्या घरमालकाला कुत्रं चालणार नव्हतं. आमचा मोती तेरा वर्षांचा, मागचे पाय जात चाललेले. जुन्या वाड्याच्या ओट्यावर पाण्याचं भगुणं ठेवून त्याला तिथेच सोडलं. चार दिवसांनी मी सायकलवर बघायला गेले. भगुणं होतं, पाणीही होतं. तेव्हा ठमीला आणलं ते कुणासाठी, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

बाकी मुद्द्यांना फार वेळ देत नाही. गोचिड्यांचं औषध लावून आठ दिवस ती गॅलरीत होती, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक अठ्ठावीस दिवस चाललं. हे आधीच्या लेखात आहे, वाचायचे कष्ट घ्या. तक्रारीचं म्हणाल तर आधी मालकाचा पत्ता तरी हवा. आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा काढून बघा: पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. यापेक्षा महूच्या एका खेपेचं टॅक्सीभाडं जास्त होतं. भुलेचा धोका मी लिहिला नाही, कारण तो लेख ठमीवर होता, भुलेवर नव्हता.

तुमची पुढची प्रतिक्रिया प्रकाशित करीन, उत्तर मात्र देणार नाही. नऊ वाजत आलेत, बाटली टबात ठेवलीय.

आणि हो, ‘जलेबी नव्हे, जिलबी’ असं तुम्ही सुधारून दिलंत. तुमच्याकडे जिलबी असेल. इंदुरात पोह्यांबरोबर जलेबीच खातात.